जाळी धुतलेली होती

"ती जाळी इकडे द्या."

"अगं, मी धुतो ना."

"मागच्या वर्षी धुतलीत तशी?"

किडेसाहेबांनी निमूटपणे जाळी दिली. संसार मुरला की नवऱ्याला एवढं तरी कळतं, की बायको प्रश्न विचारते तेव्हा तिला उत्तर नको असतं, वस्तू हवी असते.

मावशी जाळी घेऊन मागच्या दारी गेल्या. गॅसवरून उतरवलेलं मोठं पातेलं फरशीवर वाफा सोडत बसलं होतं. जाळी म्हणजे लांब दांड्याला लावलेली बारीक विणीची पिशवी. फुलपाखरं पकडायच्या जाळीची थोरली आणि गंभीर बहीण. मावशींनी ती आधी उलटी केली, शिवण बोटांनी ताणून ब्रशाने खसाखसा घासली, आणि मग उकळत्या पाण्यात घालून दांड्याने तळाशी दाबून धरली. एखाद्याला बुडवायचंच असेल तर जसं धरतील, तसं.

"घाण शिवणीत राहते," त्या पातेल्याला उद्देशून म्हणाल्या. "कापड कुणीही धुतं. शिवण धुवायला अक्कल लागते."

हे बोलायचा त्यांना अधिकार होता. मोठ्या इस्पितळाच्या धुलाई विभागात त्यांची उमर गेली होती आणि आता तो विभाग त्यांच्या हाताखाली होता. ऑपरेशनच्या खोलीतल्या हिरव्या चादरी, बाळंतिणींचे झगे, डॉक्टरांचे पांढरे कोट, सगळं त्यांच्या नजरेखालून जाई. डॉक्टरांच्या कोटांच्या खिशात काय काय सापडतं हे त्यांना ठाऊक होतं, आणि बहुधा म्हणूनच कुठलाही डॉक्टर त्यांच्याशी वरच्या पट्टीत बोलत नसे. इस्पितळात सगळे त्यांना मावशी म्हणत. पुढे ते नाव घरापर्यंत चालत आलं आणि वसाहतही त्यांना मावशीच म्हणू लागली.

जाळी झाल्यावर त्यांनी नवऱ्याचे मांडीपर्यंतचे रबरी बूट ओढले. तेही उकळत्या पाण्याने धुतले, तळव्याच्या खाचा जुन्या टूथब्रशाने कोरून काढल्या. किडा सोडाच, किड्याचा विचारसुद्धा कुठे शिल्लक राहिला नाही.

"जाळी माझ्या खुर्चीवर वाळत घालायची नाही, सांगून ठेवते!" आतून आईचा आवाज आला. आई म्हणजे मावशींची आई. "मागच्या खेपेला माझ्या मांडीवर गोगलगाय चढली होती. जावईबापू, ऐकताय ना?"

"ऐकतोय, आई."

"ऐकता, पण करत नाही. खात्याची सवय ती."

गेल्या वर्षी कमरेचं हाड मोडल्यापासून आई दिवसभर खिडकीशी, तिच्या जड, हात असलेल्या लाकडी खुर्चीत बसून असे. खिडकी ओढ्यावर उघडत होती. आणि घरातली, वसाहतीतली, गेल्या वर्षभरातली सगळी भांडणंही त्याच ओढ्यावर उघडत होती.

किडेसाहेब हे नाव वसाहतीनेच दिलेलं. त्यात साहेब किती आणि किडे किती, याची चौकशी त्यांनी कधी केली नाही. सरकारी खात्यात ते ओढ्यांची तब्येत तपासत. माणसाची तब्येत बघताना त्याला जीभ बाहेर काढायला सांगतात. ओढ्याला तसं सांगता येत नाही, म्हणून दगड उलटा करून पोट बघायचं. काठ ढासळलेत का, सावली किती आहे, दगडांच्या फटीत गाळ बसलाय का, पाणी कुठे खळखळतंय आणि कुठे नुसतंच लोळत पडलंय. पण या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे, आत राहतंय कोण? जळवा आणि लाल अळ्या कुठेही राहतात. त्यांना कशाचंच काही वाटत नाही. दगडमाशीच्या अळीचं मात्र तसं नाही. नखाएवढी, चपटी, मागे दोन शेपट्या. पाण्यात जरा कुठे कमीजास्त झालं की सगळ्यांच्या आधी ही बाई प्राण सोडते. म्हणून ती जिथे जिवंत तिथे ओढा जिवंत, असा खात्याचा नियम होता. आणि जिवंत ओढा पाइपात घालायचा नाही, हा दुसरा.

वसाहतीला मात्र ओढा पाइपातच हवा होता. शहर त्या काठाला, वसाहत या काठाला, मध्ये फळ्यांचा अरुंद पूल. कागदोपत्री त्याला पादचारी पूल म्हणत. पादचारी त्याला जे म्हणत ते कागदावर घालण्यासारखं नव्हतं. ओढा पाइपात, पाइपावर माती, मातीवर रस्ता आणि रस्ता थेट दारापर्यंत, अशी योजना मंजूर होत आली होती. तेवढ्यात गेल्या वर्षीच्या पाहणीत किडेसाहेबांच्या ट्रेमध्ये दगडमाशीची एक अळी निघाली. एकच. एका अळीवर निकाल लागत नाही, म्हणून योजना वर्षभर लांबली आणि फेरपाहणी ठरली; तीत पुन्हा निघाली तर योजना कायमची रद्द. तेव्हापासून सोसायटीचे सेक्रेटरी किडेसाहेबांना नमस्कार करायचे बंद झाले, आणि भाजीवाली त्यांच्यासाठी किडका कोबी बाजूला काढून ठेवू लागली. "तुम्हाला चालतो ना, साहेब?"

मावशी रस्त्याच्या बाजूच्या. त्या लपवतही नव्हत्या. गेल्या वर्षी पाहणीच्याच दिवशी आई न्हाणीघरात पडली, तेव्हा अँब्युलन्स पलीकडच्या काठावर दिवा फिरवत उभी राहिली होती, आणि त्यांनी नवऱ्याबरोबर आईला खुर्चीसकट उचलून त्या फळ्यांवरून नेलं होतं. प्रत्येक फळीला आई कण्हत होती. ते कण्हणं मावशींच्या कानांतून वर्षभर निघालं नव्हतं.

तरीही नवऱ्याच्या अळीवर त्यांनी कधी संशय घेतला नव्हता. मागच्या आठवड्यात जेवताना मात्र किडेसाहेब रंगात आले.

"नव्या पोरांना मी पहिली गोष्ट काय शिकवतो, माहितेय? एका ओढ्यातली जाळी दुसऱ्या ओढ्यात घालण्याआधी उकळत्या पाण्यात धुवायची. दगडमाशीची अळी ओल्या जाळीत अर्धा दिवस चिकटून जिवंत राहते. लुच्ची! वरच्या ओढ्यात चढते आणि खालच्या ओढ्यात उतरते. बसने आल्यासारखी."

मावशींच्या हातातला डाव वाटीवरच थांबला.

"मागच्या वर्षी त्या दिवशी," त्या सावकाश म्हणाल्या, "सकाळी तुम्ही डोंगरातल्या ओढ्यावर गेला होतात."

"हो."

"दुपारी घरी आलात आणि आई पडली. नळाला पाणी नव्हतं. एक बादली होती, ती तर मी आईला आणि न्हाणीघराला लावली."

"हो..."

"मग जाळी कशाने धुतलीत?"

किडेसाहेबांचा घास गालात राहिला. आईला अँब्युलन्समध्ये घालून, बायकोला सोबत बसवून ते परतले, तेव्हा खात्याच्या मॅडम काठावर घड्याळाकडे बघत उभ्या होत्या. त्यांनी दाराशी टेकवलेली जाळी उचलली आणि ते ओढ्यात उतरले. एवढं त्यांना आठवत होतं. जाळी ओली होती की कोरडी?

"आठवत नाही," ते म्हणाले.

त्या दिवसापासून घरात माणसं गप्प होती आणि भांडी बोलत होती. वर्षभर रस्ता अडला, तो बसने आलेल्या एका अळीपायी! मावशींना राग आवरेना. आणि रागापेक्षा वाईट म्हणजे, त्यांना नवऱ्याची कीवही येत होती. ती आली की त्या आणखी जोरात भांडी आपटत.

आता त्यांनी पातेल्यातून जाळी काढली, झटकली आणि दोरीवर टांगली.

"नीट ऐका. आज सापडली तर सापडली. नाही सापडली, तर 'मागच्या वर्षी होती' म्हणून आणखी एक वर्ष मागायचं नाही. तुमचा तो नियम मला ठाऊक आहे. मागितलंत, तर मी तिथेच तुमच्या मॅडमसमोर सांगेन, की मागच्या वर्षीची अळी कुठून आली."

"अगं, एवढ्या वर्षांची अब्रू पाण्यात जाईल."

"तुमचं सगळंच पाण्यात जातं. अब्रूनेच काय घोडं मारलंय?"

किडेसाहेब दोरीवरच्या जाळीकडे बघत राहिले. त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. ऑपरेशननंतर महिनाभर पाण्यात उतरता येणार नाही म्हणून त्यांनी ते आजच्या पाहणीपर्यंत लांबवलं होतं, आणि खात्यात कुणाला सांगितलं नव्हतं. घरात अर्थात सांगावं लागलं नव्हतं. त्यांनी निवडलेल्या तांदळातले खडे ताटात यायला लागले तेव्हाच मावशींना कळलं होतं.

"चष्मा घेतलात का?" मावशींनी विचारलं, आणि विचारल्यावर त्यांना स्वतःचाच राग आला. भांडणातसुद्धा सवय मोडत नाही.

निघताना आईने दोघांना थांबवलं. "रस्ता झाला की मला त्यावरून नेणार कुठे गं?"

"इस्पितळात, आई. आणखी कुठे?"

"मग मला घाई नाही म्हणून सांगा तुमच्या लोकांना."

काठावर जत्रा जमली होती. अर्धी वसाहत फळ्यांच्या पुलावर उभी होती, आणि पूल त्याबद्दल जे म्हणायचं ते करकरून म्हणत होता. मॅडम घडीच्या स्टुलावर बसल्या होत्या. वयाने त्या किडेसाहेबांच्या मुलीसारख्या, हुद्द्याने वरच्या. म्हणून त्या त्यांना काका म्हणत आणि हुकूमही सोडत. त्यांच्या शेजारी योजनेचे इंजिनिअर, पाइपवाले साहेब. पांढरे बूट घालून ओढ्यावर येणारा माणूस एकतर मूर्ख असतो किंवा त्याला आत उतरायचं नसतं. पाइपवाले मूर्ख नव्हते.

ते वाईटही नव्हते, ही खरी पंचाईत होती. मावशींना बघून ते उठून उभे राहिले.

"मावशी, आई कशा आहेत?"

"आहे. खिडकीत बसून असते."

"यंदा रस्ता झाला की अँब्युलन्स थेट दाराशी. मी स्वतः बघतो, दारासमोर चढ राहणार नाही. खुर्ची चाकांची घ्या."

वर्षभरात कुणी चाकांच्या खुर्चीचा विचार केला नव्हता. त्यांनीही नाही.

रहिवाशांचा एक प्रतिनिधी ट्रेशेजारी उभा राहून सगळं बघणार, असं ठरलं होतं. सेक्रेटरींनी मावशींना पुढे केलं होतं. "तुमच्यासारखी नजर कुणाची, मावशी?" हे खरं होतं, पण कारण वेगळं होतं. साहेबांचीच बायको, आणि ती रस्त्याच्या बाजूची. निकाल काहीही लागो, पाहणीत लबाडी झाली असं कुणाच्या बापाला म्हणता येणार नव्हतं. सेक्रेटरी सोसायटीचं पाणीबिल सोडून बाकी सगळ्या बाबतींत हुशार होते.

किडेसाहेब पाण्यात उतरले. ओढ्याचा नमुना नेहमी खालून वर घेत जायचा. वरून सुरुवात केली तर आपलाच ढवळलेला गाळ पुढच्या जागेवर जाऊन बसतो. ते पुलाच्या खालच्या अंगाला, खळखळत्या पाण्यात पाय रोवून उभे राहिले. जाळीचं तोंड प्रवाहाकडे धरलं आणि तिच्या पुढ्यातले दगड बुटाने लाथाडू लागले. पाणी गढूळ झालं, दगडाखालचं सगळं बिऱ्हाड सुटून जाळीत शिरलं. पुलावरून कुणीतरी म्हणालं, "साहेब, त्याला कशाला लाथा मारताय? आधीच मेलाय तो."

लोक हसले. मावशींना हसू आलं नाही.

पहिला ट्रे. पांढऱ्या तळावर काळा गाळ, पानांचे तुकडे आणि वळवळणाऱ्या लाल अळ्या. एक जळू कडेने चालत निघाली, जशी काही जागा तिच्याच नावावर होती.

"नाही," किडेसाहेब म्हणाले.

दुसरा ट्रे, जरा वरच्या अंगाला. तेच बिऱ्हाड, तेच भाडेकरू. एक रिकामा शंख.

"नाही."

पुलावरचं हसणं थांबलं. आता लोक नुसते बघत होते. हरणारा माणूस हरेपर्यंत गमतीचा असतो, हरायला लागला की लोकांना कसंतरीच होतं. किडेसाहेबांनी कपाळावरचा घाम बाहीने पुसला. त्यांनी मावशींकडे एकदाही बघितलं नाही. मावशींच्या लक्षात आलं, की सकाळपासून आपल्याला हेच तर हवं होतं, दोन्ही वेळा 'नाही'. मग आनंद का होत नव्हता?

तिसरी आणि शेवटची जागा वरच्या वळणावर होती. तिथे एक झाड काठावरून आडवं पडलं होतं, त्याच्या सावलीत पाणी दगडांवरून फुटून पांढरं होत होतं. आख्ख्या ओढ्यात तेवढाच तुकडा ओढ्यासारखा दिसायचा. किडेसाहेब तिथे बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी जाळी लावली आणि हळूहळू, एकेक दगड हलवत, जणू कुणाला झोपेतून उठवायचं आहे पण दचकवायचं नाही, तसं पायाने चाळवलं.

तिसरा ट्रे काठावरच्या सपाट दगडावर ठेवला. मावशी जवळ वाकल्या. मॅडम फोनवर वरिष्ठांशी बोलत होत्या. पाइपवाले साहेब पांढरे बूट जपत दोन पावलं मागे होते.

किडेसाहेबांनी ट्रे किंचित तिरका केला आणि ते थांबले. हा त्यांचा जुना नेम. गाळ बसू द्यायचा. मेलेलं पाण्याबरोबर वाहतं, जिवंत असेल ते उलट दिशेने हलतं. डोळ्यांनी शोधायचं नाही, हालचालीची वाट बघायची. त्यांचा उजवा डोळा ट्रेवरून फिरला. लाल अळ्या. जळू. काडी. पान. पुन्हा काडी.

मावशींना ती दिसली.

डाव्या कोपऱ्यात, पानाच्या देठाखाली. नखाएवढी, चपटी, तपकिरी. आधी ती देठाला धरून होती. मग सुटली आणि ट्रेच्या कडेने चालू लागली, चुकीच्या कचेरीत शिरलेल्या माणसासारखी, घाईघाईने आणि कुणाच्या नजरेला नजर न देता. मागे दोन शेपट्या. एवढी वर्षं जेवताना-खाताना ऐकून ऐकून मावशींना त्या अळीची ओळख नात्यातल्या माणसासारखी झाली होती.

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. किडेसाहेबांना ती दिसली नव्हती. डावा कोपरा.

आता काहीही करायचं नव्हतं. आयुष्यभर राबून जे मिळालं नव्हतं, ते काहीही न करता मिळत होतं. नुसतं उभं राहायचं. रस्ता दारापर्यंत. चाकांची खुर्ची. आई कण्हणार नाही.

"झालं का, काका?" मॅडमनी फोन बाजूला धरून विचारलं.

"झालं," किडेसाहेब म्हणाले. घसा साफ करून पुन्हा म्हणाले, "नाही. काही नाही." आणि ट्रे पाण्यात ओतायला त्यांनी दोन्ही कडा धरल्या.

धुलाई विभागात चादरींचा ढीग यंत्रात टाकताना कधीकधी घडीत काहीतरी चमकतं. राहिलेली सुई, विसरलेली कात्री. तेव्हा डोक्याला कळायच्या आधी हात पुढे जातो. मावशींचा हात तसा गेला आणि ट्रेच्या कडेवर पडला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "डाव्या कोपऱ्यात बघा. पानाखाली."

किडेसाहेबांनी मान वळवून उजवा डोळा त्या कोपऱ्यावर आणला. मग त्यांनी ट्रे परत दगडावर टेकवला. मॅडम आल्या, भिंग काढलं, वाकल्या. "दगडमाशी," त्या म्हणाल्या. "जिवंत आहे."

पुलावरून सेक्रेटरींचा कळवळलेला आवाज आला, "मावशी, अहो, तुम्ही आमच्या ना?"

पाइपवाले साहेब दोन पावलं पुढे आले. पांढऱ्या बुटांना चिखल लागला.

"एक शंका विचारू का? राग मानू नका. काका काल कुठे होते?"

"डोंगरातल्या ओढ्यावर," किडेसाहेब म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. सराव नसलेल्या गोष्टी ते चारचौघांत करत नसत.

"मग ही तिथून जाळीतून आली नसेल कशावरून? असं होतं म्हणे. ओल्या जाळीत चिकटून राहतात."

मॅडमनी भिंग मिटलं. "काका, जाळी धुतली होती?"

जाळी किडेसाहेबांनी धुतली नव्हती. एवढ्या नोकरीत पहिल्यांदाच त्यांची जाळी दुसऱ्या कुणी धुतली होती. त्यांनी पहिल्यांदा मावशींकडे बघितलं.

मघाशी हात पुढे गेला तेव्हा डोकं मागे राहिलं होतं. आता डोकं येऊन पोचलं होतं आणि त्याला विचार करायला भरपूर वेळ होता. वळणावरून घराची खिडकी दिसत होती. खिडकीत आईचं पांढरं डोकं. 'मला नाही माहीत,' एवढं म्हटलं तरी पुरे होतं. तेही नको, नुसते खांदे उडवले तरी चाललं असतं.

पाइपवाल्यांनी त्यांना वाटही करून दिली. मृदू आवाजात म्हणाले, "घाईत कधीकधी राहून जातं, मावशी. त्यात कुणाचा दोष नाही."

राहून जातं. या शब्दांवर मावशींनी धुलाईतल्या किती पोरींना रडवलं होतं. डाग राहून गेला, शिवण राहून गेली, टाका राहून गेला. तिकडे टेबलावर माणूस पोट उघडून पडलेला असतो आणि इथे राहून जातं!

"राहून जात नाही," मावशी म्हणाल्या. "जाळी मी धुतलीय. आज सकाळी. शिवण उलटी करून, ब्रशाने घासून, उकळत्या पाण्यात. मी धुतलेल्या कापडावर लोकांची पोटं फाडतात, साहेब. त्यात जंतू राहत नाही, तिथे अळी काय राहणार?"

"आणि बूट?"

"तेही." त्यांनी ट्रेकडे बघितलं नाही, खिडकीकडेही बघितलं नाही. "ही इथलीच आहे."

मागच्या वर्षीच्या अळीबद्दल कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर आपण काय सांगितलं असतं, हे मावशींना नंतरही कधी ठरवता आलं नाही.

मॅडमनी निकाल सांगितला: ओढा जिवंत. योजना रद्द, कायमची. लोक पुलावरून एकेक करून उतरले. पाइपवाले साहेब जाताना मावशींसमोर थांबले आणि मान लववून गेले. किडेसाहेबांनी ट्रे ओढ्याच्या पाण्यावर टेकवून हळूच तिरका केला. अळी कडेशी क्षणभर अडली आणि दगडांत दिसेनाशी झाली.

दोघं घरी आले.

"काय झालं गं?" आईने विचारलं.

"जिवंत आहे."

"कोण?"

"ओढा."

"चला," आई म्हणाली. "या घरात मी एकटीच नाही म्हणायची."

किडेसाहेब स्वयंपाकघराच्या दारात घुटमळले. "तू बोलली नसतीस, तर..."

"चहा घेणार का?"

"घेतो."

"मग बसा. आणि उद्या तो डोळा दाखवून या. डावीकडचं सगळं जग तुमच्यापुरतं ओस पडलंय."

भाजीवालीने किडका कोबी द्यायचं थांबवलं. आता ती मावशींकडे बघतच नसे. सेक्रेटरींनी मात्र नमस्कार पुन्हा सुरू केला, पण दोघांना मिळून एकच.

थंडीच्या शेवटी एका सकाळी आईला श्वास पुरेना. अँब्युलन्स आली आणि पलीकडच्या काठावर दिवा फिरवत उभी राहिली. किडेसाहेबांनी पुढून, मावशींनी मागून, खुर्ची उचलली. फळ्या दवाने निसरड्या झाल्या होत्या. पुलाच्या मध्यावर आईने हात वर केला.

"ठेवा जरा."

"आई, वेळ नको घालवू."

"ठेव गं. बघू दे." ती वाकून पाण्याकडे बघत राहिली. "कुठे राहते ती?"

"दगडाखाली, आई," किडेसाहेब म्हणाले.

"बरंय तिचं," आई म्हणाली. "चला."

इस्पितळात सगळ्यांनी धावपळ केली. मावशींच्याच विभागातल्या चादरीवर तिला घेतलं. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले, तेव्हा ते नेहमीपेक्षाही खालच्या आवाजात बोलत होते.

रस्ता असता तर काही वेगळं झालं असतं, असं कुणी म्हणालं नाही. नसतं झालं, असंही कुणी म्हणालं नाही. किडेसाहेबांनी तर नाहीच, आणि मावशींनी त्यांना ते म्हणू दिलं नाही. पलीकडच्या काठावर राहिलेली खुर्ची दोघं जाऊन घेऊन आले. रिकामी खुर्ची एकालाही उचलता आली असती. पण पुढून एक आणि मागून एक, दोघांनी ती धरली आणि पुलाच्या मध्यावर खाली टेकवली. थोडा वेळ थांबले, आणि पुन्हा उचलली.

खुर्ची खिडकीशी गेली. तिच्यावर कुणी बसलं नाही. किडेसाहेब ओढ्यावरून येत, स्वतःची जाळी स्वतः धूत आणि बाहेर दोरीवर टांगत. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, तांदळातले खडे त्यांना पुन्हा दिसू लागले होते. खुर्चीकडे मात्र ते नवा डोळा वळवत नसत.

एके दिवशी दुपारी ते डोंगरातल्या ओढ्यावरून परतले. मागच्या दारी पातेलं वाफा सोडत होतं.

"जाळी इकडे द्या," मावशी म्हणाल्या.

त्यांनी जाळी उलटी केली, शिवण ताणून घासली, उकळत्या पाण्यात दाबून धरली, झटकली. आणि दोरीशी न थांबता ती आत नेली. खिडकीशी आईची खुर्ची होती. मावशींनी जाळी तिच्या पाठीवर नीट पसरून वाळत घातली.

किडेसाहेब दारातच उभे राहिले. खालून ओढ्याचा आवाज येत होता. जाळीतून थेंब थेंब पाणी फरशीवर पडत होतं. बराच वेळ दोघंही हलले नाहीत. आता कुणीतरी ओरडेल, म्हणून थांबल्यासारखे.